तिसऱ्या उकळल्याने विष जाते का?

प्रश्न : आमचे मेहुणे रत्नागिरीला नोकरीस असून सणासुदीला येताना बर्फाच्या डब्यातून तिसऱ्या आणि कालवे आणतात. एरवी आमच्याकडे जायकवाडीचे मासे आणि झिंगे एवढेच खाल्ले जाते. शिंपल्यांत समुद्रातले नैसर्गिक विष असू शकते, असे नुकतेच वाचनात आले. आई म्हणतात, दोन उकळ्या आणल्या की कुठलेच विष राहत नाही. हे खरे आहे का, आणि त्रास झाला तर ओळखावा कसा?
— एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : आईंचे म्हणणे जंतूंपुरते बरोबर आहे. शिंपले खाऊन होणारे उलट्या-जुलाब बहुतेक वेळा जिवाणू-विषाणूंमुळे होतात आणि नीट शिजवल्यास ते मरतात. आपण वाचलेले विष मात्र समुद्रातल्या काही सूक्ष्म शैवालांत तयार होणारे रसायन आहे. तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे जीव दिवसभर पाणी गाळून त्यातले शैवाल खातात, त्यामुळे ते विष त्यांच्या अंगात साठत जाते आणि त्यांना स्वतःला सहसा बाधत नाही. त्याला चव नाही, वास नाही. सॅक्सिटॉक्सिन हे यातले सर्वांत घातक विष. ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट त्यातले काही रश्श्यात उतरते, म्हणजे तिसऱ्या बाजूला काढून नुसता रस्सा ओरपणाराही सुटत नाही. बर्फात ठेवून किंवा वाळू सुटावी म्हणून मिठाच्या पाण्यात घालूनही उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार किलोभर मांसात ०.८ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे आणि ती प्रयोगशाळेतच तपासता येते.

असे प्रसंग विरळाच घडतात, पण ते परदेशापुरते मर्यादित आहेत असे समजू नये. १९८१ मध्ये तामिळनाडूत तिघांचा, तर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे सात जणांचा शिंपले खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. कॅनडात १९८७ साली शंभराहून अधिक लोक आजारी पडले ते डोमोइक आम्ल या वेगळ्या विषाने, आणि त्यांतील काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली.

ओळखण्याची खूण पोटात नव्हे, ओठांवर असते. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत ओठ, जीभ आणि हिरड्यांना मुंग्या येतात, त्या चेहऱ्यावर व बोटांपर्यंत पसरतात, अंग तरंगल्यासारखे वाटते, बोलणे अडखळते आणि विष अधिक असल्यास श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. आपल्या भागातील डॉक्टरांनी मण्यार चावलेल्या रोग्यात असाच लुळेपणा पाहिलेला असतो, म्हणून त्यांचा पहिला संशय साप किंवा फवारणीच्या औषधाकडे जाणे स्वाभाविक आहे. सापाची लस येथे निरुपयोगी आहे. या विषावर उताराच नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वास वेळेवर मिळाला तर मात्र पहिले चोवीस तास निभावलेला रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. तेव्हा मुंग्या सुरू होताच घरगुती उपाय करत न बसता, व्हेंटिलेटरची सोय असलेले परभणीचे किंवा जवळचे रुग्णालय गाठावे आणि ‘समुद्रातले शिंपले खाल्ले होते’ हे न विचारताही आधी सांगावे. उरलेले कालवणही टाकून न देता बंद डब्यात सोबत न्यावे. अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे ही लक्षणे ॲलर्जीची असतात. तिचा उपचार वेगळा, पण घाई तितकीच.

झिंग्यांच्या मांसात हे विष शिंपल्यांसारखे साठत नाही आणि जायकवाडीच्या माशांचा समुद्रातल्या या शैवालांशी संबंध नाही. समुद्री खेकडा आणल्यास मात्र त्याच्या कवचातला पिवळसर-तपकिरी मऊ भाग काढून टाकावा, कारण साठा तिथे होतो. मेहुण्यांना एवढे सांगून ठेवा की किनाऱ्याच्या पाण्याचा रंग बदललेला असेल किंवा तिथले कोळी स्वतः तिसऱ्या काढत नसतील, तर त्या खेपेला डबा रिकामा आणावा; पाणी स्वच्छ दिसले म्हणून धोका नाही, असे मात्र म्हणता येत नाही.