वाचकांचे प्रश्न : स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करताना

प्रश्न : वास्कोत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून वर आणतो आणि मुख्य दाराजवळ एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्जिंगला लावतो. मूळ चार्जर बिघडला, म्हणून बाजारातून ४८ व्होल्टचाच दुसरा घेतला. घरच्यांना आगीची धास्ती वाटते. आग विझवायचा सिलिंडर आणून ठेवू का?

उत्तर : सिलिंडरचं नंतर बघू. तो चार्जर आजच बंद करा.

‘४८ व्होल्ट’ हे नुसतं नाव असतं. लिथियम बॅटरीचे दोन प्रकार असतात : एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट). ओळीत १३ सेल असलेली एनएमसी बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, तर १६ सेलची एलएफपी ५८.४ला. एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला, तर ४.२ व्होल्टला थांबायला हवा तो सेल ४.५च्या घरात जाऊ शकतो. मध्ये फक्त बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून जादा चार्जिंग तोडणारा सर्किट बोर्ड, उभा. तो निकामी झाला, की सेल तापत जातो आणि शेजारच्यालाही पेटवतो. चार्जर कंपनीचाच हवा, महाग पडला तरी.

दाराजवळची जागाही बदला. तिथेच भडका उडाला तर बाहेर पडणार कुठून? जिन्याखालीही नको. झड न येणाऱ्या बाल्कनीत, फरशीवर, कपडे-गाद्यांपासून दूर ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका. सैल पत्र्या तासन्‌तास भार ओढताना तापतात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने पिना गंजल्या की आणखीच. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट बसवून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, शॉकपासून वाचवतो. बॅटरीतली आग मात्र तो थांबवत नाही. चालवून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या आणि चार्जिंग जागेपणीच करा.

पावसाचे शिंतोडे चालतात, पोर्ट कोरडा असला म्हणजे झालं. पण भरतीच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करू नका. आत राहिलेलं मीठ काही दिवसांनीही शॉर्ट करू शकतं. अशी बॅटरी बाहेर उघड्यावर, भिंतीपासून लांब ठेवा.

आता सिलिंडर. त्यातली एबीसी पावडर (आग विझवायची कोरडी पावडर) ज्वाळा दाबते, सेल थंड करत नाही. बॅटरी काही तासांनीसुद्धा पुन्हा पेटते. पडदा किंवा बोर्ड पेटला तर उपयोग आहे, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. बॅटरी फुगली, फुसफुसली, धूर सोडू लागली तर उचलायला जाऊ नका. धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना उठवून सगळे खाली उतरा आणि १०१ किंवा ११२ लावा. ‘लिथियम बॅटरी आहे’ हे फोनवरच सांगा, कारण ती थंड करायला भरपूर पाणी लागतं.