वनवारसा : संवर्धन, संरक्षण की जतन?

प्रश्न असा आहे : कोल्हापुरातली एक निसर्गप्रेमी मंडळी यंदा दोन पुरस्कार सुरू करत आहेत. एक, पिढ्यान्‌पिढ्या देवराई राखणाऱ्या गावाला किंवा माणसाला. दुसरा, संस्थानकाळापासूनची जंगलाची दप्तरे, नकाशे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करून लिहिणाऱ्याला. दोन्हींना मिळून ‘वनवारसा संवर्धन पुरस्कार’ हे नाव सुचले आहे. ‘वनवारसा’ शुद्ध आहे का, आणि ‘कन्झर्वेशन हिस्टरी’ला मराठीत काय म्हणावे?

‘वनवारसा’ खुशाल वापरा. ‘वन’ संस्कृत आणि ‘वारसा’ अरबीतून आलेला, म्हणून हा सांधा काहींना खटकतो. पण ‘जिल्हाधिकारी’ या शब्दातला जिल्हा अरबी आणि अधिकारी संस्कृत, शिवाय वर संधीही केलेला. तो कुणाला टोचत नाही. फक्त जोडून लिहा. ‘वन वारसा’ असे तोडून लिहिणे ही फलक रंगवणाऱ्यांची सवय आहे, मराठीची नव्हे.

खरी गाठ आहे ती ‘संवर्धन’ या शब्दात. संवर्धन म्हणजे वाढवणे, संरक्षण म्हणजे राखणे. सरकारी मराठीने हा भेद एका ठिकाणी नीट पाळला आहे : १९७२ चा कायदा ‘वन्यजीव (संरक्षण) अधिनियम’ आणि १९८० चा ‘वन (संवर्धन) अधिनियम’. म्हणजे प्रोटेक्शनला संरक्षण, कन्झर्वेशनला संवर्धन. मग कन्झर्वेटर ऑफ फॉरेस्ट्स या पदाला काय म्हणतात? वनसंरक्षक! तिथे तोच इंग्रजी शब्द संरक्षणाच्या खात्यावर जमा झाला. २०२३ च्या दुरुस्तीने तर १९८० च्या कायद्याचे नावच ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे करून दोन्ही शब्द एकत्र बांधून टाकले. म्हणून कोशात बघून ‘कन्झर्वेशन म्हणजे अमुक’ असा एक शब्द उचलून चालत नाही. समोरच्या माणसाने केले काय, ते आधी पाहायचे.

त्यात आणखी एक मेख. वनखात्याच्या भाषेत ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले दोन वेगळे वर्ग आहेत, आणि बंधने जास्त कडक असतात ती राखीव वनात. सामान्य वाचकाला ‘संरक्षित’ हा शब्द अधिक भक्कम वाटतो; कायद्यात उलटे आहे. शिवाय ‘संवर्धन राखीव’ हा वन्यजीव कायद्यातला आणखी वेगळा वर्ग; पन्हाळगड, विशाळगड, चंदगड ही तशी क्षेत्रे तुमच्याच जिल्ह्यातली. मानपत्रात देवराईच्या मागे यातले कोणतेही विशेषण लावण्यापूर्वी सातबारा आणि वनखात्याचा दर्जा पाहून घ्या. खासगी किंवा गावठाणातल्या राईला हौसेने ‘संरक्षित वन’ म्हटले, तर ती चूक भाषेची राहत नाही, कागदाची होते.

आता देवराई राखणाऱ्या गावाने केले काय? झाडे लावली नाहीत, वाढवली नाहीत. तोडली नाहीत, तोडू दिली नाहीत, वाळकी काटकीसुद्धा उचलली नाही. हे संवर्धन नव्हे. संरक्षण म्हणता येईल, पण त्या शब्दाला शिपायाच्या गणवेशाचा वास आहे. राजस्थानात खेजडलीला १७३० साली झाडांना मिठ्या मारून ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. त्यातल्या अमृतादेवींच्या नावाचा केंद्र सरकारचा पुरस्कार ‘वन्यजीव संरक्षण पुरस्कार’ आहे आणि तिथे तो शब्द चपखल बसतो, कारण समोर कुऱ्हाड होती. देवराईला मात्र मराठीचा जुना शब्द आहे : जतन.

हा शब्द संस्कृत ‘यत्न’ पासून आला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसे यत्नाचे जतन. आणि झाडांच्या बाबतीत तो कोल्हापूरचाच म्हणावा असा आहे. करवीरच्या संभाजीराजांसाठी (शिवाजी महाराजांचे नातू, पुत्र नव्हेत) रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. सागवान वगैरे परवानगीने तोडावे; आंबे-फणस आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी बहुत काळ ‘जतन करून’ वाढवलेली असतात, असा तिथला आशय आहे. बघा, एकाच वाक्यात जतन आणि वाढवणे ही दोन कामे शेजारी शेजारी, वेगवेगळी उभी आहेत. (हाच उतारा ‘शिवाजी महाराजांचे पत्र’ म्हणून सन्मानचिन्हांवर छापलेला दिसतो. अमात्य शिवकाळात घडलेले, धोरण त्याच परंपरेतले, हे खरे. पण मजकूर आज्ञापत्रातला आहे. वन-इतिहासाच्या पुरस्कारावर तरी ही गफलत नको.)

खेड्यात विचाराल तर ‘जतन’ही पुस्तकी ठरेल. तिथे राई ‘राखतात’. राखण, राखणदार, राखीव, सगळे त्याच धातूचे. मात्र ‘रान राखणे’ असे लिहू नका. आपल्याकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. रान राखले म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाळवावरची पाखरे हाकणारा माणूस येईल. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’ पासूनच आलेला, पण या भागात तो नांगराखाली गेला.

दुसरा पुरस्कार अगदी वेगळ्या जातीचा आहे आणि एका नावाखाली दोन्ही कोंबल्यामुळेच तुमचा घोळ झाला आहे. अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेली फॉरेस्ट हिस्टरी सोसायटी पुरस्कार देते ते पुस्तकाला, संशोधन लेखाला, पत्रकारितेला. एक झाडही न लावलेला माणूस तिथे मानकरी ठरू शकतो. उलट आपल्याकडचे परिचित पुरस्कार, म्हणजे राज्याचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री किंवा केंद्राने १९८६ साली सुरू केलेला इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र, हे प्रत्यक्ष झाडांच्या कामासाठीचे. तुमचा दुसरा पुरस्कार त्या अमेरिकी सोसायटीच्या घराण्यातला. दाजीपूरचे जंगल शिकारीचे राखीव रान होते, १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि तेच पुढे विस्तारून झालेले राधानगरी अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले. हा प्रवास कागदपत्रांतून मांडणारा माणूस ‘संवर्धक’ नाही, इतिहासकार आहे.

अशा समासात शेवटचे पद मुख्य असते, हे इथे विसरू नये. ‘वनवारसा संवर्धन’ म्हणजे वारशाचे संवर्धन. ‘वनसंवर्धन वारसा’ म्हणजे झाडे वाढवण्याच्या पद्धतींचा वारसा. यात ब्रिटिश काळातल्या साग लागवडीही येतील. ‘वनसंवर्धन-इतिहास’ म्हणजे कन्झर्वेशन हिस्टरी, आणि ‘इतिहास-संवर्धन’ म्हणजे भलतेच, कारण इतिहास वाढवायचा नसतो, वाढवला की त्याची बखर होते. ‘वनेतिहास’ हा संधी व्याकरणाला धरून आहे, पण वाचणारा ‘वने’वर थांबून अडखळतो. संयोगचिन्ह देऊन ‘वन-इतिहास’ लिहा.

‘वारसा’ प्रत्येक हेरिटेजला लागतोच असेही नाही. नागरी वृक्षतोडीच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला, म्हणजे ‘हेरिटेज ट्री’ला, ‘प्राचीन वृक्ष’ म्हटले गेले. पन्नाशीतल्या झाडाला प्राचीन म्हणणे जरा जास्तच, पण शब्द रुळतो आहे.

माझे मत : समारंभाचे नाव नुसते ‘वनवारसा पुरस्कार’ ठेवा, संवर्धन गाळा. खाली ‘देवराई जतन सन्मान’ आणि ‘वन-इतिहास लेखन पुरस्कार’ असे दोन. गावाला सन्मान शोभतो. ‘पारितोषिक’ स्पर्धेतल्या नंबराला ठेवा. ‘वनसंरक्षक पुरस्कार’ किंवा ‘वनरक्षक पुरस्कार’ तर मुळीच नको. ही दोन्ही खात्यातली पदे आहेत आणि पुरस्कार कर्मचाऱ्यांसाठी आहे असा समज होईल.

‘पुरस्कृत’ जपून वापरा. पुरस्कार करणे म्हणजे पाठिंबा देणे, पुढे करणे. ‘केंद्र पुरस्कृत योजना’ म्हणजे केंद्राच्या पैशाचा वाटा असलेली योजना. ‘पुरस्कृत ग्रामस्थ’ छापलेत तर गावकरी कुणाच्या तरी खर्चाने आलेत असे वाटेल. ‘पुरस्कारप्राप्त’ किंवा ‘पुरस्काराचे मानकरी’ म्हणा. मरणोत्तर देणार असाल तर तोच शब्द, ‘मरणोपरांत’ हिंदी.

मानपत्रात ‘बहुमोल योगदान’ हे पोकळ शब्द टाळून काम लिहा : कोणती राई, किती क्षेत्र, कुणी, किती पिढ्या, काय केले नाही. ‘…येथील ग्रामस्थांनी …या देवाच्या राईत कुऱ्हाड चालू दिली नाही’ एवढे वाक्य पुरते. क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि कंसात हेक्टर-आरमध्ये द्या. चाळीस गुंठ्यांचा एकर गावाला कळतो, सरकारी कागद हेक्टर-आर मागतो. दोन्ही आकडे उताऱ्याशी ताडून पाहा.

कोरणाऱ्याकडून येणारा नमुना ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नका. ‘संवर्धन’चा रफार हटकून सरकतो आणि ‘संर्वधन’ होते; तुम्ही शब्दच गाळलात तर तेवढी कटकट वाचली. ‘स्मृतीचिन्ह’ नव्हे, ‘स्मृतिचिन्ह’, आणि तेही पाहुण्यांना. मानकऱ्याला द्यायचे ते ‘सन्मानचिन्ह’. ‘वन-इतिहास’ ओळीच्या शेवटी तुटू देऊ नका. वरच्या ओळीत ‘वन-’ आणि खालच्या ओळीत ‘इतिहास लेखन पुरस्कार’ असे आले, तर व्यासपीठावरचा निवेदक खालची ओळच वाचतो.