वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं, कंपनी भरपाई देईल का?

प्रश्न : चार वर्षं जुनी डिझेल गाडी मी एका व्यापाऱ्याकडून 6 लाख 40 हजारांना घेतली. पहिल्या मालकाने पाच वर्षांची वाढीव वॉरंटी काढली होती, मर्यादा 1 लाख किलोमीटर. 71,000 किलोमीटरला घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, खालून ठोके आले आणि इंजिन जाम झालं. अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणतं, वॉरंटी तुमच्या नावावर नाही आणि शेवटची सर्व्हिसिंग बाहेर झाली आहे. खर्चाचा अंदाज 1,85,000 रुपये. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी एकच करा, इंजिन उघडू देऊ नका. एकदा ते खोललं, धुतलं आणि जुने भाग भंगारात गेले की दोष कोणाचा हे सांगणारं काहीच हाती राहत नाही. अशा बहुतेक तक्रारी इथेच हरतात, कायद्यात नव्हे.

ऑइलचा दाब गेला की क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) यांच्यामधला ऑइलचा पातळ थर तुटतो. रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बिग-एंड बेअरिंग क्रँकला घासतं, तापतं आणि शेवटी चिकटून फिरतं. तुम्ही ऐकलेले ठोके त्याचेच. प्रश्न इतकाच की दाब का गेला. संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाशी डांबरासारखा गाळ आणि त्याने भरलेली ऑइल पंपाची जाळी निघाली, तर ऑइल वेळेवर बदललं नाही असा अर्थ निघतो आणि कंपनी सुटते. जाळी स्वच्छ, ऑइल ठीक, तीन सिलिंडरची बेअरिंग शाबूत आणि एकाचीच तांब्यापर्यंत घासलेली, किंवा पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) अडकलेला दिसला, तर संशय मूळ भागावर जातो. दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालवली, हे लेखी तक्रारीत खरं लिहा. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाच्या क्षणाची नोंद असू शकते, म्हणून स्कॅनचा प्रिंटही आत्ताच मागून घ्या.

कंपनीचं मुख्यालय आणि सर्व्हिस सेंटर या दोघांना स्पीड पोस्टने आणि ईमेलने पत्र पाठवा. चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर लिहा आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख देऊन कळवा की त्या दिवशी इंजिन उघडलं जाईल, प्रतिनिधी पाठवावा. तुमच्या बाजूने परवानाधारक सर्व्हेअर किंवा सरकारी तंत्रनिकेतनातला ऑटोमोबाइलचा प्राध्यापक हजर ठेवा. व्हिडिओ चासी नंबरपासून सुरू करा, मग मीटर, मग ऑइल काढणं, असं न थांबता. ऑइल कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत 250 मिलीचे दोन नमुने करून सीलबंद ठेवा. बेअरिंगचे तुकडे पुसू नका. प्रत्येकाला सिलिंडरचा क्रमांक लावून वेगळ्या पिशवीत घाला. जुने भाग तुमचे आहेत, ते घरी आणा.

आता नकाराची दोन कारणं. वॉरंटी माणसावर आहे की गाडीवर, हे वॉरंटी पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही कंपन्या नव्या मालकाचं नाव ठरावीक दिवसांत नोंदवायला सांगतात, म्हणून अट वाचल्याशिवाय त्यांचं म्हणणं मान्य करू नका. आरसी तुमच्या नावावर झाली आहे ना, तेही बघा. बाहेरच्या गॅरेजचं बिल असेल आणि त्यावर ऑइलचा ग्रेड, लिटर, फिल्टर आणि किलोमीटर असतील, तर ते आपल्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. बाहेर सर्व्हिसिंग झाल्यामुळेच बेअरिंग गेलं, हे दाखवा असं कंपनीला लेखी विचारा. वॉरंटी बसलीच नाही तरी ‘गुडविल’ म्हणजे कंपनीची सदिच्छा म्हणून पार्ट आणि मजुरीचा काही वाटा मागा. नकार आला तर तोही लेखी घ्या.

यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. मुदत दोन वर्षं. गाडीसाठी मोजलेली किंमत 5 ते 10 लाखांत असल्याने शुल्क फक्त 200 रुपये. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचं शुल्क मात्र तुम्हाला भरावं लागू शकतं.

मागणी नेमकी ठेवा. अनेकजण रागाने नवी गाडी मागतात आणि खटला लांबवतात. दोष एखाद्या भागात असेल आणि तो बदलता येत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात म्हटलं आहे. इंजिनचा खर्च, टोइंग, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च इतकंच मागा. याच कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ (उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी) या भागावर विसंबू नका, कारण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचं नुकसान वगळलं आहे. तुमचा आधार ‘वस्तूतील दोष’ आणि वॉरंटी. व्यापाऱ्याने काही लपवलं असेल तर त्यालाही पक्षकार करा, पण कोणाची चूक काय हे वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रेत्याच्या चुकीचा बोजा उत्पादक कंपनीवर टाकायला नकार दिला होता, कारण कंपनीला त्याची माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं.

प्रश्न : पावसात पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, पुन्हा स्टार्ट केली तर इंजिन गेलं. कंपनी देईल का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये शिरल्यावर रॉड वाकतो. हा उत्पादनातला दोष नव्हे. विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ची जोड असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, ओढून न्या.