भाड्याच्या दाराला साडेअठरा हजारांचं कुलूप?

नाशकात पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट, भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००. यजमान अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, त्या स्वतः कॉलेज रोडच्या एका ऑफिसात. मुलगी पाचवीत. पावणेएकला शाळेची व्हॅन तिला गेटवर सोडते. तिनं दोनदा किल्ली हरवली, आणि दुसऱ्या वेळी दीड तास जिन्यात बसून राहिली. तेव्हापासून घरात स्मार्ट लॉकची, म्हणजे पिन किंवा बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपाची, चर्चा आहे. दुकानात पसंत पडलेलं मॉडेल १८,५०० रुपयांचं, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने. अकरा महिन्यांच्या करारातले सात महिने उरलेत, दोन-अडीच वर्षांत स्वतःचं घर घ्यायचा विचार आहे. बचत खात्यात ६५,०००, कार्डावर २२,००० ची बाकी, खर्च भागवून महिन्याला नऊएक हजार उरतात. पाच तोळे सोनं घरातच, गोदरेजच्या कपाटात. विक्रेता म्हणाला, असं कुलूप असलं की घराचा विमाही सहज मिळतो. तर घ्यावं का?

ताई, पोर जिन्यात बसली म्हटल्यावर मी काटकसरीचं भाषण देणार नाही. कुलूप घ्या. फक्त दुकानात दाखवलेलं ते नको, आणि या महिन्यात नको.

आधी कार्ड. तुमच्या स्टेटमेंटवर व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के दिसतोय. २२,००० वर ते झाले ७७० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ९०९ रुपये नुसते जातात. शिवाय मागची बाकी उभी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे तुम्ही कार्डावर किराणा भरता त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. अशा कार्डावर ईएमआय चढवला की ३,०८३ रुपयांचा पूर्ण हप्ता किमान भरण्याच्या रकमेत येऊन बसतो. नो-कॉस्ट म्हटलं तरी बँक प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी घेतेच. तीन-चारशे रुपये धरून चाला.

तुम्ही लिहिलंय की ६५,००० ही इमर्जन्सीची रक्कम, तिला हात लावायचा नाही. नियम चांगला, पण इथे उलटा पडतोय. बचत खात्यावर वर्षाला अडीच-तीन टक्के मिळवायचे आणि कार्डाला बेचाळीस द्यायचे! २२,००० आजच भरा. ४३,००० उरतात, आणि पुढच्या पगारापासून कार्डाला जाणारं व्याज थांबतं. महिना-दीड महिन्यात कुलपाचे पैसे रोखीने निघतील. तेवढे दिवस मुलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे राहू द्या. लाज कसली त्यात.

आता कुलपाकडे. तुम्ही पाठवलेला फोटो मोठ्या हँडलच्या मॉर्टाइज लॉकचा आहे. या प्रकारात दाराच्या कडेतून लाकूड कोरून आत खाच करावी लागते आणि कुलपाची पेटी त्यात बसते. बसलं की देखणं दिसतं, मजबूतही असतं. पण कोरलेलं लाकूड परत येत नाही. दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या फ्लॅटची फ्लश दारं बऱ्याचदा ३० ते ३५ मिलिमीटर जाडीची असतात आणि या मोठ्या कुलपांना अनेकदा त्याहून जाड दार लागतं. दुकानदार हे विचारत नाही. फिटर घरी येतो, पट्टी लावतो, मग मान हलवतो. आज संध्याकाळी मुलीची शाळेची पट्टी घ्या, दार उघडा आणि कड मोजा.

तेवढ्यात बाहेरचं जाळीचं दारही बंद करून बघा. मुख्य दार आणि सेफ्टी डोअर यांच्यात किती जागा उरते? या कुलपाचं हँडल दारातून चांगलं दोन-अडीच इंच बाहेर येतं. गंगापूर रोडच्या एका अशिलाकडे कुलूप बसल्यावर कळलं की जाळीचं दार आता लागतच नाही. मग वेल्डर बोलावून जाळी पुढे घेतली. तो खर्च कुठल्याच हिशेबात नव्हता.

आणि खरी गंमत पुढे आहे. तुमच्या जाळीच्या दाराला किल्लीचं कुलूप आहे, तुम्हीच लिहिलंय. आतल्या दाराला बोटाचा ठसा बसवला तरी बाहेरच्या दारासाठी मुलीच्या दप्तरात किल्ली हवीच! दिवसा जाळीचं दार नुसतं ओढून ठेवायची तुमची तयारी असेल तरच या खरेदीला अर्थ आहे. घरी दोघांनी हे आधी ठरवा.

मी तुमच्या जागी असतो तर रिम प्रकारचं घेतलं असतं. तुमच्या दाराला सध्या नाइट लॅच आहे, तिच्यासारखंच हे दाराच्या आतल्या अंगाला वरून बसतं. बाहेर आकड्यांची छोटी पाटी, आणि दारातून आरपार एखाद-दुसरं भोक. बऱ्याचदा नाइट लॅचचंच भोक उपयोगी पडतं. आठ-नऊ हजारांत ठीकठाक मिळतं. काढताना सुताराने लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून पॉलिश मारलं की झालं. जुनी लॅच स्क्रूसकट एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घर सोडताना मालकाला तीच परत बसवून द्यायची आहे.

हिशेब असा. मॉर्टाइज १८,५००, आणि घर सोडताना दाराच्या दुरुस्तीपोटी डिपॉझिटमधून ६,००० तरी कापले जातील, एकूण २४,५००. करार सात महिन्यांनी संपला तर हे कुलूप तुम्हाला महिना ३,५०० ला पडलं. दोनदा नूतनीकरण होऊन २९ महिने राहिलात तरी महिना ८४५. पुढच्या घराचं दार वेगळ्या जाडीचं निघालं तर ते खोक्यातच राहणार. रिमचं ८,२०० आणि काढणं-बसवणं-भोक बुजवणं १,२०० धरू, ९,४००. ते नव्या घरी नेऊन एकूण चार वर्षं वापरलंत तर महिना १९६. स्वतःच्या घराला दार करताना मग हवं ते मॉर्टाइज घ्या, सुताराला आधीच जाडी सांगून ठेवता येईल.

सात महिन्यांचं मी उगाच बोलत नाही. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवून नाशकात काही मालक वेगळीच गणितं मांडतात, आणि नूतनीकरणाला भाडं किती वाढेल याचा भरवसा देता येत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला-दाराला अडकलेला प्रत्येक रुपया उरलेल्या करारावर मोजायचा.

मालकांना न विचारता ड्रिल लावू नका. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘फेरबदल करणार नाही, घर आहे त्या स्थितीत परत देऊ’ असं कलम बहुधा असतंच. तुमची प्रत काढून वाचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तुमचा नोंदलाय ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. तोंडी ‘हो हो, बसवा की’ पुढे कोणालाच आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दाराचे आजचे फोटो टाका आणि खाली लिहा: ‘काका, मुख्य दाराची नाइट लॅच काढून आमच्या खर्चाने डिजिटल कुलूप बसवतोय. घर सोडताना ते आम्ही घेऊन जाऊ, जुनी लॅच परत बसवू आणि भोक बुजवून देऊ. एक किल्ली तुमच्याकडे देतो. चालेल ना?’ ‘चालेल’ असं उत्तर आलं की स्क्रीनशॉट घ्या. करार नव्याने होईल तेव्हा हीच ओळ त्यात घालून घ्या.

विम्याचं ऐका, कारण विक्रेत्याने अर्धवट सांगितलंय. भाडेकरूला इमारतीचा विमा लागत नाही, फक्त सामानाचा काढता येतो. पण १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत मुख्य संरक्षण आग, पूर, भूकंप अशा संकटांचं आहे. चोरी धरली जाते ती अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि तिथे बहुतेक पॉलिसींत जबरदस्तीने घरात शिरल्याच्या खुणा मागतात: तुटलेली कडी, वाकलेली पट्टी. पिन कुणाला कळला आणि दार गुपचूप उघडलं तर खूण कसली दाखवणार? म्हणून कामवाल्या मावशींना तुमचा पिन देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळा पिन करा, शक्य असेल तर ठरावीक वेळेपुरता. त्यांनी काम सोडलं की पुसून टाका.

पाच तोळ्यांचं उत्तर कुलपात नाही, लॉकरमध्ये आहे. छोटा लॉकर शाखेनुसार वर्षाला दोन-तीन हजारांत मिळतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. पाच तोळ्यांची किंमत त्याहून बरीच वर जाते, हे खरं. तरी कपाटापेक्षा बरं.

खरेदी करताना वाय-फायच्या गेटवेसाठी, म्हणजे कुलूप इंटरनेटला जोडणाऱ्या डबीसाठी, जादा पैसे मोजू नका. वीज गेली की राउटर बंद, गेटवे बंद. कुलूप मात्र स्वतःच्या सेलवर चालतं आणि पिन, ठसा, कार्ड सगळं घेतं. लहान मुलांचे ठसे बारीक, कधी उमटतात कधी नाही, तेव्हा मुलीला पिनच शिकवा. खऱ्या पिनच्या मागेपुढे भलतेच आकडे दाबायची सोय असलेलं कुलूप मिळालं तर तेच घ्या. जिन्यात मित्रमैत्रिणी बघत असतात. आणि बसवायच्या आधी दार पावसाळ्यात अडतं का ते आठवा. आषाढात फुगलेल्या दारात मोटारचा बोल्ट खाचेत नीट जात नाही, पुन्हा पुन्हा धडपडतो आणि सेल लवकर उतरतात. रंधा मारायचा असेल तर तो आधी.

सेलवरून आठवलं. माझ्या घरच्या कुलपाने आठवडाभर पीं-पीं करून सांगितलं, मी रोज ‘उद्या बदलू’ म्हटलं. एका रात्री अकराला दार मुकं. साधी किल्ली होती, पण आतल्या ड्रॉवरमध्ये. पाटीच्या खाली ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवायच्या दोन टिकल्या असतात, तेवढ्यावर पिन चालतो, हे मला किल्लीवाल्याला बाराशे रुपये दिल्यानंतर समजलं. हल्लीच्या बऱ्याच कुलपांना टाइप-सीचं भोक असतं, पॉवर बँक लावली की जाग येते. तुमचं कुठलं आहे ते घेतानाच बघा, आणि एक साधी किल्ली घराबाहेर ठेवा. शेजारच्या काकूंकडे आहेच ना जागा.