मांडीच्या हाडावरून उंची काढताना ‘गोरा की काळा’ का विचारतात?

प्रश्न: फोरेन्सिकच्या जुन्या पुस्तकात उंचीची दोन सूत्रं आहेत, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. हे शास्त्र की वंशवाद?

उत्तर: आधी सूत्रं पाहू. ती अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांची, 1952 सालची. फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची, लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची. कंसातला ± आकडा म्हणजे सूत्राची त्रुटी.

गोरा पुरुष: 2.38 × फीमर + 61.41 (± 3.27)
काळा पुरुष: 2.11 × फीमर + 70.35 (± 3.94)

45 सें.मी.च्या हाडाला पहिलं सूत्र 168.5 देतं, दुसरं 165.3. फरक जेमतेम 3 सें.मी.चा, म्हणजे सूत्राच्या स्वतःच्या त्रुटीइतकाही नाही. तरीही आधी ‘वंश’ ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खरी गोम इथे आहे.

आता ही मापं कुणाची? पुरुषांची मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची. स्त्रियांची मात्र अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या टेरी संग्रहातली. या संग्रहातले एकूण 1,728 सांगाडे आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. ज्यांच्या प्रेतावर कुणी हक्क सांगितला नाही, अशी माणसं कायद्याने वैद्यकीय कॉलेजच्या टेबलावर जात. ‘बेवारस’ म्हणजे बहुतेक वेळा नातेवाइकांकडे दफनाचे पैसे नाहीत, एवढंच. अशांची संमती कुणीच विचारली नाही. शहरातल्या काळ्या लोकसंख्येच्या मानाने संग्रहात काळ्यांचे सांगाडे कितीतरी जास्त आहेत. गरिबीत, अपुऱ्या अन्नावर वाढलेल्या या शरीरांची प्रमाणं पुढे तक्त्यांत ‘वंशाचं लक्षण’ म्हणून छापली गेली. मला हा अन्याय दुहेरी वाटतो.

मोजणीतही घोळ होता. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, मोजताना घोट्याकडचं खालचं टोक, म्हणजे मॅलिओलस, धरायचं असं ट्रॉटर यांनी लिहिलं, पण प्रत्यक्ष मोजताना ते सोडलं. हे 1990च्या दशकात उघड झालं. तोवर पुस्तकाबरहुकूम मोजणाऱ्यांनी काढलेली उंची 2.5 ते 3 सें.मी. जास्त येत होती.

कवटीचं गणित याहून डळमळीत. जाइल्स आणि इलियट या संशोधकांनी 1962 मध्ये आठ मापांवरून वंश ओळखायचं सूत्र दिलं. त्यातले गोरे-काळे अशाच बेवारस संग्रहांतले, आणि ‘अमेरिकन इंडियन’ म्हणून घेतल्या केंटकीतल्या इंडियन नोल इथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या कवट्या! असं सूत्र प्रत्येक कवटीला त्या तीनपैकी एका खणात बसवतंच, मग ती कुठलीही असो.

‘त्या काळी सगळे तसाच विचार करत’ हे म्हणणं मला पटत नाही. क्लीव्हलँडच्या सांगाड्यांच्या तशाच संग्रहाजवळ शिकलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ माँटेग्यू कॉब यांनी 1936 मध्ये कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सचे पाय मोजले आणि त्याच्या वेगाचं श्रेय ‘काळ्या हाडां’ना देता येत नाही हे दाखवलं.

भारतीय हाड हातात असेल तर ही दोन्ही सूत्रं त्यासाठी बनलेलीच नाहीत. त्या भागातल्या लोकांवरून काढलेलं सूत्र शोधा, ते कोणाच्या आणि किती हाडांवरून काढलंय ते अहवालात लिहा. नाइलाजाने ट्रॉटरच वापरायचं झालं तर दोन्ही सूत्रं चालवा, त्रुटीची दुप्पट दोन्ही बाजूंना धरा. वरच्या हाडाला 157 ते 175 सें.मी. असं उत्तर येईल. पोलिसांना हा पल्ला फार मोठा वाटतो, पण बेपत्तांच्या यादीतून खरं नाव चुकून गळण्यापेक्षा तो बरा.