आधी सॅडल, मग बाकीचं

प्रश्न : माझ्या अकूस्टिक गिटारचा आवाज बसका वाटतो. नट (मानेच्या डोक्याकडची, तारा टेकायची पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवरची, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्यावरची तशीच पट्टी) प्लॅस्टिकचे आहेत. दोन्ही हाडाचे बसवू, की ब्रिजमध्ये तारांची टोकं अडकवणाऱ्या पिना पितळी घालू?

उत्तर : तारा जुन्या असतील तर आधी त्या बदला, पुष्कळदा बसकेपणा तिथेच असतो. तरीही आवाज खुलला नाही तर सॅडल बदला. नटचा प्रभाव मुख्यतः मोकळ्या तारेवर असतो, कारण बोट दाबलं की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर टेकते. सॅडलवरून मात्र प्रत्येक सूर ब्रिजमध्ये आणि तिथून टॉपमध्ये, म्हणजे पुढच्या फळीत उतरतो. मऊ, पोकळ प्लॅस्टिक त्यातली वरच्या पट्टीची धार खाऊन टाकतं. हाडाने ती परत येते.

ब्रिजमधली सॅडलची खाच बहुधा २.४ किंवा ३.२ मिमी रुंद असते. कॅलिपरने मोजा आणि किंचित जाड हाडाची पट्टी घ्या. सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून पट्टीची बाजू घासा. बोटाच्या दाबाने खाचेत बसावी, पण गिटार उलटी केली तर पडू नये, इतपत. जुन्या सॅडलची वरची कड पेन्सिलने नव्यावर उतरवा. बी तारेखाली (बारीक बाजूने दुसरी) पायरी असेल तर तीही तशीच ठेवा, नाहीतर ती तार वरच्या फ्रेटवर बेसूर बोलेल. उंची कमी करायची ती खालून. सॅडल १ मिमी उतरवलं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी खाली येते.

घोटाळा होतो तो बुडाशी. घासताना हात टोकांवर जास्त दाबला जातो आणि बूड गोलसर होतं. म्हणून बुडावर पेन्सिलच्या आडव्या रेघा मारा, दर चार-पाच हातांनी बघा. सगळ्या रेघा एकदमच पुसट व्हायला हव्यात. मग स्टीलची पट्टी लावून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा काचेवर. सॅडलखाली पिकअप (आवाज अॅम्प्लिफायरकडे पाठवणारी पट्टी) असेल तर फटीवरची तार हमखास क्षीण वाजते. अशा गिटारला आम्ही हाडापेक्षा एकजिनसी कृत्रिम पट्टी सुचवू, कारण हाडाची घनता सगळीकडे सारखी नसते. सॅडलला गोंद लावू नका. हाड घासताना मास्क घाला, धूळ फुप्फुसात जाते.

पितळी पिना टाळा. पितळ प्लॅस्टिकच्या जवळपास आठपट जड. ब्रिजवर वजन वाढलं की हलका टॉप जड हलतो. सूर थोडा लांबेल, पण आवाजाचा ठोका बोथट होतो. पिनचं खरं काम तारेच्या टोकाचा गोळा टॉपच्या आतल्या लाकडी पट्टीला टेकवून ठेवण्याचं आहे. गोळा पिनच्या टोकावर अडकला तर पिन वर येते. तारेचं टोक जरा वाकवून घाला आणि पिन दाबताना तार वर ओढा.

प्रश्न : शिसवीऐवजी कागद आणि रेझीन दाबून केलेला फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची फळी) कमअस्सल असतो का?

उत्तर : नाही. २०१७ साली शिसवाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी पर्याय टिकले. कोरड्या हवेत हा फिंगरबोर्ड लाकडासारखा आकसत नाही, त्यामुळे फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचत नाहीत. आवाजातला फरक अगदी बारीक. स्पॅनिश गिटार-कारागीर तोरेसने तर १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली; टॉप मात्र स्प्रूस लाकडाचाच ठेवला. कागद-रेझीनच्या बोर्डाला तेल पाजू नका, ओलसर फडक्याने पुसा.