मेसचं ताट आणि तुझं हिमोग्लोबिन

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीच्या रिपोर्टचा, फोटो पाहिला. हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ७१. खाली लिहिलंयस, "मावशी, थोडंसंच कमी आहे ना?" नाही, थोडंसं नाही. तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन किमान १२ हवं. ते ११च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात तो मध्यम अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. एमसीव्ही ८०च्या आत आहे म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान झाल्यात, आणि आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. पुण्यातल्या त्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तुझ्या शेजारी बसणारीचाही रिपोर्ट फार वेगळा नसेल. सगळ्यांनाच आहे म्हणून कुणालाच त्याचं काही वाटत नाही, हीच खरी अडचण.

दिवाळीत तू घरी आलीस तेव्हा आईच्या लक्षात आलं होतं की पोरगी दुपारची पेंगते, जिना चढली की धापते आणि येता-जाता डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकते. तुझी तक्रार वेगळीच. एकच पान तीनदा वाचावं लागतं, एकाग्रता होत नाही, म्हणून ध्यानाचं अ‍ॅप घेतलंस. अगं, थकवा, धाप, लक्ष न लागणं, कच्चे तांदूळ किंवा खडू खावासा वाटणं, हे सगळं लोह कमी पडल्यावर होतं. अ‍ॅप राहू दे मोबाइलमध्ये, पण राज्यशास्त्र डोक्यात शिरत नाही याचा दोष स्वतःच्या बुद्धीला देऊ नकोस.

आधी गोळ्यांचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तू आठवड्यात बंद केल्यास, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं ठीक आहे, गोळीतलं न शोषलेलं लोहच ते. मळमळ असेल तर उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घे. शोषण जरा कमी होईल, पण बंद केलेल्या गोळीपेक्षा बरं. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून प्रकार बदलून घे. कॅल्शियमची गोळी सोबत घेऊ नकोस, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. आणि आकडा १२ झाला की लगेच थांबायचं नाही. रक्त भरलं तरी शरीरातला साठा रिकामाच असतो, तो भरायला पुढे साधारण तीन महिने जातात. पाळीत फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग. लाजून गप्प बसणाऱ्या मुलींच्या बाबतीत भांडं तळाशी गळत राहतं आणि आपण वरून ओतत बसतो.

गुळाचं आणि बिटाचं मी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या रूम पार्टनरने तुला बीटचा ज्यूस सुरू करायला लावलाय. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, असं काही नसतं. त्यात लोह अगदीच बेताचं आहे. गुळात थोडं असतं, पण रोज खडाभर गुळाने तुझी गरज भागणार नाही आणि मूठभर गूळ खाल्लास तर साखरच जास्त जाईल. खायला हरकत नाही, फक्त औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नकोस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण ठरवलं, त्यात तरुण बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. शाकाहारी जेवणातल्या लोहातलं शरीर फारच थोडं उचलतं. म्हणून किती खाल्लं याच्याइतकंच कशासोबत खाल्लं हे बघावं लागतं.

त्यात तुझा सगळ्यात मोठा शत्रू चहा. जेवून उठलं की अभ्यासिकेखालच्या टपरीवर कटिंग, ही सदाशिव पेठेतल्या सगळ्यांचीच सवय. चहातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात जात नाही. २०२४ साली आयसीएमआरने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. मी चहा सोड म्हणत नाही, त्याने तुझं डोकं दुखेल आणि तू मला शिव्या देशील. फक्त वेळ बदल. सकाळी अकराला घे, दुपारी चारला घे. जेवणासोबत मात्र लिंबू पिळून घे, कारण लिंबात क जीवनसत्त्व असतं, आणि ते लोहाचं शोषण वाढवतं. लिंबू मेसवाल्या काकू देत नसतील तर स्वतःचं ने, पिशवीत मावतं. हिवाळ्यात आवळा. पेरूच्या गाडीवरून तिखट-मीठ लावलेला पेरू घेतलास तर त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व मिळेल, तेही कमी पैशात.

आता मेसच्या ताटाकडे येते. दोन चपात्या, बटाट्याची नाहीतर कोबीची सुकी भाजी, तळ दिसेल अशी आमटी, भात. पोट भरतं. पण तुझं वजन ५० किलो, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिनं हवीत. तू सांगितलेल्या दोन जेवणांचा मी ढोबळ हिशेब केला तर पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. त्यात सकाळचा नाश्ता चुकवतेस आणि महिनाअखेरीला पैसे वाचवायला रात्रीचे खाडे टाकून वडापाववर भागवतेस, म्हणजे त्याहूनही कमी. खाडे टाकायचेच असतील तर ज्या दिवशी फीस्टला गुलाबजाम असतो त्या दिवशी टाक! (टाकणार नाहीस, माहीत आहे.)

घरात माळ आहे, म्हणून अंड्याचा आग्रह मी करणार नाही. वारकऱ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माणसं धडधाकट राहिली. पण ती डाळी, उसळी आणि दूध-ताकावर, मैद्याच्या पावावर नाही. रोज मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्लेस तर सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, मूठभर फुटाण्यांतून पाच-सहा. एक वाटी दही घे, एक पेला दूध घे. तूट इथेच भरते आणि प्रोटीन पावडरच्या डब्याइतका खर्चही येत नाही. आमटीतलं वरचं पाणी न घेता डाव तळापर्यंत घालून डाळ घे, काकू रागावल्या तर रागावू देत. आठवड्यातून तीनदा तरी मटकी किंवा मूग भिजवून फडक्यात बांध. मोड आले की कडधान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त सुटतं. रूमवर शेगडीला परवानगी नाही पण किटली आहे ना? उकळतं पाणी मोडांवर ओतून झाकून ठेव, पाणी काढ, वर कांदा, लिंबू, मीठ. कच्चे मोड पुण्याच्या पाण्यात धुऊन खाऊ नकोस.

पाण्याबद्दल मी जरा कडक आहे. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला होता, आणि उकळलेलं पाणी प्या म्हणून प्रशासन सांगत होतं. जारचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण जार कधी धुतला ते कुणी सांगत नाही. किटलीत उकळून बाटली भर. आणि पी. तुमच्या अभ्यासिकेत शंभरेक मुलामुलींमागे एकच बाथरूम, तेही कसं असतं ते तू मला सांगितलंयस. म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, अँटिबायोटिक्स. अभ्यासिका चालवणाऱ्याकडे चार जणी मिळून जा आणि स्वच्छतेची मागणी लेखी द्या. फी भरताय, भीक मागत नाही आहात.

बी-१२ एकदा तपासून घे. ते दूध-दही सोडलं तर शाकाहारी ताटात नसतंच. मेसमध्ये ताक मिळतं ते पांढरं पाणी, त्यावर विसंबू नकोस. कमी निघालं तर गोळी घ्यायची. गोळी घेतल्याने माळेला बाट लागत नाही. फार तर घेण्याआधी पाकिटावरची हिरवी खूण पाहून घे.

एकादशीचं काय करायचं, असं तू विचारलंस. कर की. पण साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचा वडा आणि वर बटाट्याचा चिवडा, म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी, तेही नुसता स्टार्च. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी खा, राजगिऱ्याची लाही दुधातून खा, दही घे. राजगिऱ्यात लोहही आहे, प्रथिनंही. गोळी चालू असताना निर्जळी उपवास करू नकोस. विठोबाला त्याने काही कमी पडणार नाही.

"मी तर बारीक आहे, मला काय होणार," हे तुझं वाक्य मला आवडलं नाही. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण भारतीय दिसायला बारीक असतो, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, असं याज्ञिक अनेक वर्षं सांगत आलेत. काट्यावरच्या आकड्याने म्हणूनच हुरळू नकोस. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. दिवसाचे बारा तास खुर्चीत बसून परीक्षा निघेलही, पण पुढे पोस्टिंग मिळाल्यावर मधुमेहाची गोळीही सुरू होईल. जेवलं की खुर्चीत न जाता दहा-पंधरा मिनिटं चाल. सकाळी चालायला सारसबाग आहे. हिमोग्लोबिन वर आलं की पर्वतीच्या पायऱ्या चढ, तोवर सपाटीवर चाल.

झोपेवर मी भाषण देणार नाही, टॉपरांच्या मुलाखती तूच ऐकतेस. रात्री दहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पहाटे तीनपर्यंत अंगात राहतो, एवढंच लक्षात ठेव. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. सात तास. मेन्सच्या आठवड्यातही.

महिन्याभराने पुन्हा सीबीसी कर, उपाशीपोटी जायची गरज नाही. नेमाने गोळी घेऊनही आकडा हलला नाही तर डॉक्टरांना थॅलेसेमिया मायनरच्या तपासणीबद्दल विचार. तो रक्तातला जन्मजात सौम्य दोष असतो, आणि लहान पेशींचं ते दुसरं कारण असू शकतं.

आईशी मी बोलले. तुझे काका शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतायत, रविवारी पहाटे वाकडेवाडीला उतरतील. त्यांच्याकडे अळिवाचे लाडू, कारळ्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि बाजरीच्या खारोड्या दिल्यात. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरीही आहेत. लाडू रूममधल्या सगळ्यांना दे, तसेही ते उरणार नाहीत. चटणीची बरणी मात्र कपाटात ठेव आणि कुलूप लाव.

तुझी,
मावशी